विमानात शेजारी कुत्रं असलं तर उठायचं कुणी?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मी तो नीट समजलो का, हे तुम्हालाही कळावं म्हणून आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही अंबाजोगाईच्या. दिवाळीनंतर सत्तरीच्या आईंना घेऊन मुंबईहून दिल्लीला निघालात. आईंना दमा आहे. जागेवर बसल्यावर कळलं की शेजारच्या मुलीच्या पायाशी पिशवीत कुत्रं आहे, आणि तिनं पिशवीची चेन उघडून त्याचं डोकं बाहेर काढलंय. आईंनी पाय वर घेतले, पदर नाकाला लावला. तुम्ही कर्मचाऱ्यांना बोलावलं, आवाज चढले, मुलगी रडायला लागली, मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘एवढंच आहे तर रेल्वेनं जायचं होतं.’’ शेवटी तुम्हा दोघींनाच पुढं नेऊन दोन वेगवेगळ्या रांगांत मधल्या सीटवर बसवलं. तुम्ही विचारता: आम्हीही पैसे भरले होते, मग उठायचं आम्हीच का? तक्रार करावी का? आणि जाता जाता शेवटी एक ओळ लिहिलीत, की बंगळूरला नोकरीला असलेल्या मुलानं पिल्लू घेतलंय, उन्हाळ्यात ते विमानानं घरी आणायचं म्हणतोय, त्याला काय सांगू?

मला ती शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. तिच्याकडे येतोच, पण त्यासाठी आधीचं सगळं बोलावं लागेल.

मी संभाजीनगरात जनावरांचा दवाखाना चालवतो. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलो तेव्हा बैलाचा खांदा सुजला, म्हैस अडली, शेळीनं जुंधळ्याची कोवळी पोंगळी खाल्ली, असलीच कामं असायची. आता सकाळच्या रांगेत अर्धी शिह त्झू, लॅब्राडोर आणि लांब केसांची मांजरं असतात. पुण्या-बंगळूरला नोकरीला गेलेली आपली मुलं सुटीत त्यांना घेऊन येतात आणि परतताना विमानासाठी तंदुरुस्तीचा दाखला मागायला येतात. म्हणजे तुमच्या शेजारी जी मुलगी बसली होती, तसल्यांच्या कागदावर सही करणारा माणूस मी आहे. आणि माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून दमा आहे. तिच्याकडे जायचं तर मी दवाखान्यातून परस्पर जात नाही, घरी अंघोळ करून कपडे बदलून जातो. त्यामुळं या भांडणाच्या दोन्ही बाजू माझ्या ओळखीच्या आहेत.

पहिल्यांदा हक्काचं बोलू, कारण तुमचा राग तिथंच आहे. आपल्याकडे केबिनमध्ये कुत्रं न्यायचं की नाही, हे बहुतांशी त्या त्या विमान कंपनीच्या धोरणावर असतं. एअर इंडिया छोटी कुत्री-मांजरं केबिनमध्ये नेऊ देते. आकासा एअरनं नोव्हेंबर 2022 पासून सुरू केलं, तेव्हा पिशवीसकट 7 किलोंची मर्यादा होती. इंडिगो पाळीव प्राणी घेतच नाही, अपंग प्रवाशासोबतचा प्रशिक्षित कुत्रा तेवढा अपवाद. वजनाचे आकडे आणि शुल्क या कंपन्या बदलत असतात, म्हणून तिकिटाच्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर पाहावं. पण गाभा सगळीकडे तोच: आधी कळवायचं, मंजुरी घ्यायची, वेगळे पैसे भरायचे, कुत्रं बंद आणि हवेशीर पिशवीत ठेवायचं, पिशवी पुढच्या सीटखाली, आणि विमान जमिनीवर येऊन आपण बाहेर पडेपर्यंत कुत्रं बाहेर काढायचं नाही.

म्हणजे ती मुलगी कुत्रं चोरून घेऊन आली नव्हती. तिनंही पैसे भरले होते, परवानगी काढली होती. तिचं चुकलं ते चेन उघडण्यात. तुम्ही कर्मचाऱ्यांना ‘‘इथून कुत्रं हलवा’’ म्हणालात, तिथं त्यांच्या हातात काही नव्हतं. ‘‘पिशवी बंद करायला लावा’’ म्हणाला असतात, तर त्यांना लगेच करावं लागलं असतं. भांडण कुठल्या वाक्यानं सुरू होतं, त्यावर पुढचं बरंच ठरतं.

एक मात्र वेगळं समजून घ्या. अंध किंवा इतर अपंग प्रवाशाचा प्रशिक्षित मदतनीस कुत्रा ही निराळी गोष्ट आहे. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत त्याला जागा दिलेली आहे. तो पिशवीत नसतो, मालकाच्या पायाशी बसतो, अंगावर पट्टा असतो. तो शेजारी आला तर आपणच शांतपणे दुसरी जागा मागायची. तो त्या माणसाचे डोळे आहेत.

बाकी पाळीव कुत्र्याला कायदा अजून सामानाच्याच खात्यात टाकतो. युरोपच्या न्यायालयानं ऑक्टोबर 2025 मध्ये तसंच म्हटलं. विमानात चढवताना हरवलेल्या एका कुत्र्याच्या भरपाईचा तो खटला होता, आणि नुकसानभरपाईपुरतं पाळीव जनावर ‘सामान’ या शब्दात बसतं, असा निकाल लागला. ज्यांनी लेकरासारखं कुत्रं वाढवलंय त्यांना हे ऐकून त्रास होतो, मलाही झाला. पण कुत्रेवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण ‘‘याचंही तिकीट काढलंय’’ म्हणून त्याला मांडीवर घेता येत नाही.

आता आईंच्या दम्याकडे येऊ. मी माणसांचा डॉक्टर नाही, त्यामुळं औषधाबद्दल बोलणार नाही, ते तुमच्या छातीच्या डॉक्टरांनाच विचारा. पण कुत्र्यापासून जे निघतं त्याबद्दल सांगू शकतो. लोकांना वाटतं त्रास केसांचा असतो. त्रास असतो तो कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांचा. केस फक्त ते इकडून तिकडे नेतात. म्हणून ‘या जातीचे केस गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही’ असं सांगून जी पिल्लं विकली जातात, त्यावर विश्वास ठेवू नका. काही कुत्र्यांचा त्रास कमी होतो, काहींचा जास्त, पण ॲलर्जी होणारच नाही अशी जात नाही. हा कोंडा इतका हलका आणि चिकट असतो की तो माणसांच्या कपड्यांवरून फिरतो. ज्या विमानात कुत्रं नाही, त्याच्या गादीवरही तो असतो, कारण आधीच्या फेरीत बसलेल्या कुणाच्या तरी घरी कुत्रं असतं.

विमानातल्या हवेबद्दल मात्र भीती थोडी जास्तच आहे. केबिनची हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते. त्यातली जी परत फिरवली जाते ती बहुतेक मोठ्या विमानांत अशा गाळण्यांतून जाते, ज्या 0.3 मायक्रॉनचे कणही 99.97 टक्के अडवतात. हवा डोक्यावरून येते आणि पायाजवळून बाहेर ओढली जाते, लांबीच्या दिशेनं फारशी वाहत नाही. म्हणून दोन सीटवरचं कुत्रं आणि सात रांगांवरचं कुत्रं यात फरक पडतो. त्रास शून्यावर येत नाही, कमी होतो. तुम्हाला पुढं नेलं ते आईंच्या दृष्टीनं योग्यच झालं.

मग त्या मुलीला का नाही हलवलं? बहुतेक वेळा कुत्रं असलेल्या प्रवाशाला ठरावीक जागा देतात. आपत्कालीन दाराची रांग त्याला चालत नाही, पुढच्या सीटखाली पिशवी बसायला हवी, आणि बाकीच्यांची वाट अडायला नको. शिवाय तिला हलवलं तर नव्या शेजाऱ्यांना तोच प्रश्न. म्हणून कर्मचारी सोपी बाजू निवडतात. तुम्हाला तो अपमान वाटला, हे मी समजू शकतो, भरल्या विमानात सगळ्यांच्या नजरा झेलत उठायचं सोपं नाही. पण तुम्हाला दोषी धरून उठवलं नव्हतं. चूक झाली ती दम्याच्या पेशंटला तिच्या लेकीपासून वेगळं बसवण्यात. तक्रार करायची तर याची करा. आईंचा पंप कुणाच्या पर्समध्ये होता? तुमच्या असेल, तर त्या दोन तासांत तो त्यांच्या हाताशी नव्हता. पुढच्या वेळी पंप आईंच्याच हातात किंवा कमरेच्या पिशवीत राहू द्या, वरच्या कप्प्यात तर अजिबात नको.

भीतीबद्दल तुम्ही थोडं संकोचानं लिहिलंय, की ‘आई जरा जुन्या वळणाच्या आहेत.’ संकोच करू नका. आईंच्या वयाच्या माणसांनी गावात पिसाळलेलं कुत्रं पाहिलेलं असतं. कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, हे त्यांच्या पिढीनं सोसलंय किंवा शेजारच्या घरात पाहिलंय. ती जुनी लस आपल्या देशात 2005 च्या सुमाराला बंद झाली, आता दंडात चार-पाच वेळा टोचावं लागतं. पण भीती लशीबरोबर बंद होत नाही. उलटीही बाजू आहे. याच आई माहूरला गेल्या तर दत्ताच्या पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांना हात जोडतील. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुत्री पाहायला गर्दी होते. आपल्या लातूर-चाकूरकडच्या कारवान कुत्र्याचं कौतुक तर साऱ्या महाराष्ट्रात आहे. आपल्या माणसांना कुत्र्याचं वावडं नाही. ते कुत्रं अंगणात असतं, मोकळं असतं, आणि त्याच्यापासून चार पावलं लांब जाता येतं. विमानात ती चार पावलं नसतात. आई घाबरल्या त्या त्यामुळं, आणि खरं सांगायचं तर पिशवीतलं कुत्रंही त्याच कारणानं घाबरलेलं असतं.

आता माझ्याकडून काय चुकलं ते सांगतो, कारण या भांडणांत डॉक्टरांचाही वाटा असतो.

काही वर्षांपूर्वी एक तरुण त्याचं पाच किलोचं स्पिट्झ घेऊन आला. संध्याकाळचं विमान होतं. मी ताप पाहिला, छाती ऐकली, हिरड्या पाहिल्या, लशीचं पुस्तक तपासलं, गोचीड नाही हे पाहिलं. सगळं ठीक. पण कुत्रं टेबलावर सतत भुंकत होतं आणि कंपाउंडरच्या हातावर दात मारायला पाहत होतं. मी थांबलो, तसा तो घाईत म्हणाला, ‘‘डॉक्टर, तुम्ही सही करायलाव का नाही? टॅक्सी उभी हाय.’’ मी सही केली. शरीरानं ते तंदुरुस्तच होतं, दाखल्यावर तेवढंच लिहायचं असतं. रात्री त्याचा फोन आला. कुत्रं पूर्ण वेळ किंचाळत होतं, पुढच्या रांगेतलं तान्हं बाळ त्याच्यासोबत रडत होतं, बाळाच्या वडिलांशी त्याची हमरीतुमरी झाली आणि उतरल्यावर दोघांनाही सुरक्षा कर्मचाऱ्यांनी बाजूला घेतलं. तो मला दोष देत नव्हता, पण मला झोप लागली नाही. ते कुत्रं पिशवीत राहू शकत नाही, हे मला टेबलावर दिसलं होतं आणि मी ते बोललो नव्हतो.

त्या दिवसापासून मी एक पद्धत ठेवलीय. विमानाचा दाखला हवा असेल तर कुत्रं त्याच्या प्रवासाच्या पिशवीत बसवूनच आणायचं, आणि माझ्या बाहेरच्या खोलीत ती पिशवी तासभर बंद ठेवायची. जालना रोडवरची गाडी-हॉर्न, आत-बाहेर करणारी माणसं, दुसऱ्या कुत्र्यांचा वास, सगळं चालू असतं. जे त्यात निजतं किंवा गप्प बसतं, ते विमानात बहुधा बसेल. जे पिशवी फाडायला निघतं, त्याच्या मालकाला मी स्पष्ट सांगतो की कागद मिळेल, पण केबिनमध्ये हे नेऊ नका. काही जण रागावतात, दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. जाऊ द्या.

दाखल्याइतकीच मागणी गोळीची असते. ‘‘डॉक्टर, झोपेचं काहीतरी द्या, म्हणजे आवाजच करायचं नाही.’’ मी देत नाही. उडताना केबिनमधला हवेचा दाब साधारण 6 ते 8 हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वरचा. झोपेच्या औषधानं कुत्र्याचा रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, तोल जातो आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायची त्याची ताकद कमी होते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धाप टाकून, जिभेवाटे थंड होतं. ती धापच औषधानं दाबली तर पिशवीत काय चाललंय हे मालकालाही कळत नाही. गप्प पडलेलं कुत्रं शांत आहे की बुडत चाललंय, हे सीटखाली अंधारात कोण सांगणार? आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या नियमावलीतही प्रवासासाठी गुंगी देऊ नये असाच सूर आहे. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या बाबतीत तर मी गोळीचं नावही काढू देत नाही, त्यांची श्वासनलिका मुळातच अरुंद असते.

तिसरी मागणी अलीकडची. ‘मानसिक आधाराचं कुत्रं आहे असं लिहून द्या.’ लोक परदेशातले व्हिडिओ पाहून येतात. अमेरिकेत तशी सवलत होती आणि तिचा इतका गैरवापर झाला की जानेवारी 2018 मध्ये एक प्रवासी आधाराचा मोर घेऊन न्यूअर्कच्या विमानतळावर आली. शेवटी तिथल्या वाहतूक खात्यानं डिसेंबर 2020 मध्ये नियम बदलला आणि जानेवारी 2021 पासून अशा जनावरांना मदतनीस कुत्र्याचा दर्जा देण्याचं बंधन विमान कंपन्यांवर राहिलं नाही. यात सगळ्यात नुकसान झालं ते खऱ्या अपंग माणसांचं. त्यांच्या शिकवलेल्या कुत्र्याकडेही लोक संशयानं पाहायला लागले. म्हणून असं खोटं पत्र मी देत नाही आणि ज्या घरी असं पत्र इंटरनेटवरून विकत घेतलं असेल त्यांनी ते वापरू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

इथवर मी दोन्ही बाजूंचं बोललो. आता माझं मत सांगतो. अशी जेवढी भांडणं माझ्या कानावर आली, त्यांत एक गोष्ट सारखी होती: दोन्ही माणसांना एकमेकांबद्दल विमानाचं दार बंद झाल्यावर कळलं. त्या मुलीनं कंपनीला कुत्र्याचं कळवलं होतं, शेजाऱ्याला नाही. तुम्ही आईंच्या दम्याचं कुणालाच कळवलं नव्हतं. तिकीट काढतानाच कंपनीच्या ग्राहक सेवेला ‘प्रवाशाला दमा आहे, कुत्र्यापासून लांबची जागा हवी’ असं सांगितलं असतं, तर काउंटरवर तुम्हाला शेजारी शेजारी दोन सीट मिळायची शक्यता बरीच होती. ते कुत्रं बाहेर काढतीलच असं नाही, पण लांब बसवणं त्यांना आधी सोपं असतं, नंतर अवघड.

एकमेकांना नीट न कळल्यामुळं किती वाईट होऊ शकतं, याचं एक उदाहरण मी प्रत्येक कुत्रेवाल्याला देतो. मार्च 2018 मध्ये ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात एका कुटुंबाला कर्मचाऱ्यानं पिशवी वरच्या कप्प्यात ठेवायला लावली. आत फ्रेंच बुलडॉगचं पिल्लू होतं. विमान उतरलं तेव्हा ते मेलेलं होतं. आत कुत्रं आहे हे कळलंच नाही, असं त्या कर्मचाऱ्याचं म्हणणं होतं, आणि आपण सांगितलं होतं, असं कुटुंबाचं. हवा न खेळणाऱ्या बंद कप्प्यात चपट्या नाकाचं पिल्लू तीन तास. मला हे सांगताना आजही त्रास होतो.

तक्रारीबद्दल थोडक्यात. आधी विमान कंपनीला लेखी कळवा: तारीख, विमान क्रमांक, सीट क्रमांक, पिशवी उघडी होती हे, आणि दम्याच्या पेशंटला सोबत्यापासून वेगळं बसवलं हे. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर टाका. ‘कुत्रं का घेतलं’ अशी तक्रार करू नका, ती टिकणार नाही. आणि एक सावधगिरी. बेशिस्त प्रवाशांसाठीच्या 2017 च्या नियमांत तीन पायऱ्या आहेत, त्यांतल्या पहिल्याच पायरीत शिवीगाळ आणि धमकावणारे हातवारे येतात आणि त्यासाठीही तीन महिन्यांपर्यंत विमानप्रवासावर बंदी येऊ शकते. तुमचं म्हणणं कितीही खरं असलं तरी आवाज वाढला की कागदावर तुमचंच नाव चढतं.

आता तुमच्या मुलाचं.

त्याला पहिलं विचारा की पिल्लाची जात कोणती आणि वय काय. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात टोचतात आणि ती अंगात मुरायला तीन-चार आठवडे द्यावे लागतात. म्हणजे चार महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर घाई करायचं कारण नाही. लॅब्राडोर किंवा कारवानचं असेल तर चार-पाच महिन्यांतच ते केबिनच्या वजनाबाहेर जाईल, मग केबिनचा प्रश्नच मिटला. पग किंवा बुलडॉग असेल, तर उन्हाळ्यात विमानाचा विचार सोडून द्या. कंपनीनं हो म्हटलं तरी मी नाही म्हणेन. विमानाच्या आत गारवा असतो, पण संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर उतरल्यावर बाहेर बेचाळीस डिग्री असतात आणि तिथून अंबाजोगाईपर्यंत चार-साडेचार तासांची गाडी. आणायचंच तर पहाटेचं किंवा रात्रीचं विमान पाहा, मधे विमान बदलायचं नसेल असं. लातूरकडच्या माझ्या ओळखीतले काही जण हैदराबादला उतरून रात्रीतून गाडीनं येतात, तेही चालतं. आणि आपल्या जवळच्या विमानतळावर येणाऱ्यांपैकी कोणती कंपनी कुत्रं घेते, हे तिकिटाआधी पाहावं, नाहीतर जाताना सोय आणि येताना अडचण अशी गत होते.

रेल्वेचा पर्याय लोक विसरतात. एसी पहिल्या वर्गाचं कूपे किंवा केबिन पूर्ण आपल्याकडे असेल तर कुत्रं सोबत नेता येतं. दुसरी सोय गार्डच्या डब्यातल्या पेटीची, पण एप्रिल-मेमध्ये मी ती कुणाला सुचवत नाही, त्या पेटीला ऊन लागतं.

विमानच ठरलं तर पिशवीची सवय महिनाभर आधीपासून लावायला सांगा. पहिला आठवडा पिशवी घरात उघडी पडू द्यायची, जेवण तिच्यात द्यायचं. मग चेन लावून पाच मिनिटं, पंधरा, अर्धा तास. मग रिक्षातून, मग गाडीतून. अंगावरचा जुना टी-शर्ट आत घालायचा. प्रवासाच्या दिवशी चार-पाच तास आधी हलकं खाणं, पाणी मात्र तोडायचं नाही, आत शोषून घेणारं पॅड. दाखला किती तासांच्या आतला हवा, हे कंपनीला विचारून मग डॉक्टरकडे जायचं. आदल्या दिवशी अंघोळ घालून नीट विंचरलं तर शेजाऱ्यांकडे जाणारा कोंडाही थोडा कमी होतो.

आणि सीटवर बसल्याबरोबर, दार बंद व्हायच्या आधी, दोन्ही बाजूंच्या माणसांना एकदा म्हणायचं: ‘‘काका, माझ्यासोबत छोटं कुत्रं आहे, पिशवीतच राहील. तुम्हाला दमा किंवा भीती असेल तर आत्ताच सांगा, आपण जागा बदलून घेऊ.’’ माझ्याकडून दाखला नेणाऱ्या प्रत्येकाला मी हे वाक्य म्हणायला लावतो. त्या मुलीनं एवढं म्हटलं असतं, तर आईंनी बहुतेक स्वतःच सांगितलं असतं की बाई, मला दमा आहे, मी पुढं बसते.

आता ज्यासाठी मी तुमच्या शेवटच्या ओळीला महत्त्वाचं म्हणालो, ते सांगतो. तुम्ही विमानातल्या दोन तासांबद्दल एवढं लिहिलंत. मुलगा पिल्लू घेऊन घरी आला की ते दोन तास नाही, पंधरा-वीस दिवस तुमच्या घरात राहील, आणि त्याच घरात आई आहेत. केबिनची हवा दोन-तीन मिनिटांनी बदलते, आपल्या घरात उन्हाळ्यात खिडक्या लावून कूलर चालू असतो. सोफ्यात, चादरीत, सतरंजीत साठलेला कोंडा पिल्लू परत गेल्यावरही काही आठवडे, महिने राहतो.

म्हणून मुलाला आधी नाही म्हणू नका, पण क्रम बदला. आईंना पहिल्यांदा छातीच्या डॉक्टरकडे न्या आणि सांगा की घरात कुत्रं यायचंय. त्यांना कुत्र्याची ॲलर्जी खरंच आहे का, हे तपासता येतं. दमा असलेल्या प्रत्येकाला ती असतेच असं नाही, कुणाला धुळीची असते, कुणाला परागकणांची. विमानात पदर लावला तेव्हा आईंना दम लागला होता की नुसती भीती वाटली होती, हेही त्यांना शांतपणे विचारा, तुमच्या प्रश्नात ते कुठंच आलेलं नाही. ॲलर्जी निघाली तर मुलानं पिल्लू बंगळूरलाच कुणाकडे ठेवून यावं, किंवा आई त्या दिवसांत दुसऱ्या लेकीकडे राहतील का ते पाहावं. ॲलर्जी नसेल, नुसती भीती असेल, तर मुलाला रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर पिल्लू दाखवायला सांगा. नाव आईंनाच ठेवू द्या. आलं तरी त्यांच्या खोलीत आणि अंथरुणावर ते जाणार नाही, हे पहिल्या दिवसापासून पाळा.

पिल्लाची जात, वय आणि आत्ताचं वजन कळवलंत तर प्रवासाचं मी आणखी नेमकं सांगू शकेन. तिकीट मात्र आईंची तपासणी होईपर्यंत काढू देऊ नका.